चेकनटने स्वस्त केलेली रायफल

मुलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारी एक आजोबा राहतात. सत्तरी कधीच ओलांडलेली, उमेदीची सगळी वर्षं पोलाद कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. नोव्हेंबरच्या थंडीत गॅरेजचं दार अर्धं वर करून ते एका रायफलीची नळी बदलत बसले होते. मी स्वतः भोसरीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत. रायफलीची नळी बदलायची म्हणजे लेथ हवं, चेंबर कापायचं हत्यार हवं आणि ते चालवणारा मुरलेला हात हवा, हे मी धरूनच चाललो होतो. गॅरेजमध्ये लेथ नव्हतं. जाड लाकडी बाकाला जखडलेला व्हाइस, वेगळ्याच तोंडाचा एक लांब पाना आणि बोटाच्या पेराएवढी दोन चकचकीत गेजेस, एवढाच सरंजाम. आमचा दुसरा चहा संपेपर्यंत जुनी नळी भिंतीला टेकून उभी होती आणि नवी जागेवर बसली होती.

रायफल होती सॅव्हेज कंपनीची मॉडेल ११०, पॉइंट थ्री-ओ-एट विंचेस्टर या काडतुसाची. तिच्या शेजारी बाकावर नातवासाठी आणलेली नवीकोरी सॅव्हेज ॲक्सिस पडली होती. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी मिळणाऱ्या अगदी स्वस्त रायफलींत तिची गणना होते. स्वस्त असूनही नेमाला ती महागड्या रायफलींच्या जवळपास जाते, असं तिथले लोक सांगतात. मला शिकारीत रस नाही, आमच्या घरात कुणी बंदूक धरलेली नाही. पण स्वस्त वस्तू चांगली कशी बनते, हा प्रश्न मला जन्मभर पुरला आहे. या रायफलीच्या बाबतीत त्याचं बरंचसं उत्तर एका नटात सापडलं.

दाराची कडी आणि कुकरचा दाब

बोल्ट ॲक्शन समजून घ्यायला जुन्या दाराची लोखंडी कडी डोळ्यांपुढे आणा. मूठ वर उचलायची, दांडा मागे ओढायचा, दार उघडतं. दांडा पुढे सरकवून मूठ खाली पाडली की दार बंद. रायफलीतही याच चार हालचाली आहेत. दांडा मागे येताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकतो. पुढे जाताना मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या डबीतलं, नवं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला कोरलेल्या खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, ढकलतो. मूठ खाली पडली की कुलूप लागतं.

हे कुलूप पिनवाल्या बल्बसारखं असतं. बल्ब होल्डरमध्ये दाबून जरा फिरवला की त्याच्या दोन पिना खाचेत अडकतात. दांड्याच्या पुढच्या टोकाला तसे दोन पोलादी कान असतात. ते फिरून रिसिव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या पोलादी घरात, आतल्या कडेमागे अडकतात. बार होतो तेव्हा मागे येणारा सगळा धक्का हे दोन कान झेलतात.

हा धक्का केवढा असतो? स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास जादा दाब असतो. पॉइंट थ्री-ओ-एट काडतुसासाठी दाबाची वरची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. कुकरच्या चार हजार पटींहून जास्त, आणि तोही माणसाच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

आता काडतुसाची पुंगळी असते पितळेची, आणि पातळ. तिला एकटीला हा दाब झेपत नाही. चहूबाजूंनी चेंबरच्या भिंतींचा आणि मागून दांड्याच्या तोंडाचा टेका असतो म्हणून ती टिकते. मागे मोकळी जागा जास्त राहिली तर पितळ ताणलं जातं, फारच राहिली तर फाटतं, आणि पेटत्या वायूला नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वाट मिळते. जागा कमी पडली तर कडीच लागत नाही. या मापाला हेडस्पेस म्हणतात, आणि ते तपासायला दोन गेजेस असतात: गो आणि नो-गो. गो आत ठेवल्यावर कडी लागलीच पाहिजे, नो-गो ठेवल्यावर लागता कामा नये. पॉइंट थ्री-ओ-एटसाठी या दोन गेजेसमधला फरक चार थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि चार थाऊ म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. सगळी सुरक्षितता त्या एका कागदात.

खांदा की चेकनट

माउझर, विंचेस्टर, रेमिंग्टन या नामवंत रायफलींमध्ये नळीला एक खांदा असतो. नळी आट्यांवर फिरवत रिसिव्हरमध्ये न्यायची, खांदा रिसिव्हरच्या तोंडाला टेकला की जोर लावून आवळायची. नळी कुठे थांबणार हे लेथवर खांदा कापतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणजे कागदाच्या जाडीचं माप साधायचं ते चेंबर कापताना. रीमर, म्हणजे चेंबर कापायचं हत्यार, थोडा फिरवा, गेज घालून बघा, पुन्हा थोडा फिरवा. जरा जास्त कापलं गेलं की ते भरून काढता येत नाही, खांदा पुन्हा कापत बसावं लागतं. असलं काम आमच्या टूलरूममध्ये आम्ही सगळ्यांत जुन्या माणसाकडे द्यायचो. त्याचा हात सोन्याचा, आणि त्याचा तासही महाग.

आता सायकलचं चाक आठवा. एक्सलवर कोन असतो आणि त्याच्यामागे चेकनट. कोन जास्त आवळला तर चाक जाम होतं, सैल ठेवला तर डगडगतं. म्हणून कोन बोटांनी फिरवत नेमक्या जागी आणायचा, आणि ती जागा पक्की धरून ठेवायला चेकनट आवळायचा. एक्सल एखाद्या सुताने लांब असला, आटे थोडे जास्त कापलेले असले, तरी काही बिघडत नाही. नेमकी जागा जुळवताना ठरते.

मॉडेल ११० मध्ये हेच केलेलं आहे. नळीला खांदा नाहीच. नळीच्या मागच्या बाजूला आटे आणि त्यांवर एक मोठा नट. चेंबरमध्ये गो गेज ठेवून कडी लावायची, नळी हाताने आत फिरवत न्यायची, ती गेजला टेकली की थांबायचं आणि नट रिसिव्हरवर आवळायचा. आटे इंचाला २०, म्हणजे नळी एक पूर्ण फेरा फिरली की ५० थाऊ सरकते. चार थाऊ सरकवायला तिला घड्याळातल्या बारापासून एकपर्यंत फिरवलं की झालं. एवढं फिरणं नुसत्या डोळ्यांना दिसतं आणि हाताला कळतं. लेथवर जे मोजायला मायक्रोमीटर लागतं, ते इथे मनगटाच्या हालचालीत येऊन बसतं. मला या रचनेतलं हेच सगळ्यांत जास्त आवडलं.

आजोबा नळी फिरवताना डोळे मिटून घेत होते. टेकल्याचं बोटांना आधी कळतं, म्हणाले. नट आवळताना आट्यांमधली ढिलाई निघते आणि नळी केसभर पुढे ओढली जाते. पहिल्या खेपेला तसंच झालं. नो-गो आत ठेवलं तर मूठ जवळजवळ पूर्ण खाली जायला लागली. त्यांनी काही न बोलता नट सोडला, नळी पुन्हा टेकवली, या वेळी पान्याला जोर लावताना दुसऱ्या हाताने नळी दाबून धरली. गो घातल्यावर मूठ अलगद पडली. नो-गो घातल्यावर मध्येच अडली. दोन्ही तपासण्या त्यांनी तीन-तीनदा केल्या. ज्याला हे काम येतं त्यानेच करावं असं हे काम आहे, पण त्यासाठी लेथ लागत नाही हे खरं.

नटाच्या जोडीला ११० मध्ये आणखी एक युक्ती आहे. दांड्याचे दोन्ही कान आतल्या कडेला सारखे टेकले पाहिजेत. एकच कान टेकला तर धक्क्यासरशी दांडा तिरपा होतो आणि नेम बिघडतो. दांडा अखंड असेल तर दोन्ही कान सारखे टेकेपर्यंत पेस्ट लावून घासावे लागतात. पुन्हा जुना माणूस, पुन्हा महाग तास. ११० च्या दांड्याचं डोकं वेगळा भाग आहे. आडव्या पिनेने ते दांड्याला जोडलेलं असतं आणि त्याला हलायला किंचित वाव ठेवलेला असतो. बैलगाडीचं जू दांडीला मधोमध बांधलेलं असतं आणि थोडं हलतं, म्हणून एक बैल अर्धं पाऊल पुढे असला तरी दोघांच्याही मानेवर ओझं येतं. तसंच हे डोकं दाबाखाली आपोआप सरळ होतं आणि दोन्ही कानांवर भार वाटून देतं. धक्का रायफलीच्या दस्त्यात उतरवणारा पोलादी तुकडाही रिसिव्हरमधून कोरून काढलेला नाही. जाड वॉशरसारखी एक पट्टी, नट आणि रिसिव्हर यांच्यामध्ये धरलेली. कोरीव काम कमी, म्हणून यंत्राचा वेळ कमी.

ही रचना निकोलस ब्रूअर यांची. रायफल १९५८ मध्ये बाजारात आली. किंमत १०९ डॉलर ९५ सेंट होती आणि त्यावरूनच ११० हे नाव पडलं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूला मूठ असलेली ११० आली. डावखुऱ्यांची बोल्ट ॲक्शन रायफल कारखान्यात मोठ्या संख्येने बनवणारे आपण पहिले, असं कंपनी अभिमानाने सांगते. डावखुऱ्या माणसाला उजवी बोल्ट ॲक्शन वापरताना दर गोळीनंतर हात रायफलीवरून पलीकडे न्यावा लागतो, हे माहीत असलेल्याला हा अभिमान पटेल.

जमैकात जन्मलेला माणूस

ज्यांचं नाव कंपनीला आहे ते आर्थर सॅव्हेज ११० येण्यापूर्वी वीस वर्षं वारले होते. ते १८५७ मध्ये जमैकात, किंग्स्टनला जन्मले. इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण, ऑस्ट्रेलियात गुरांच्या मोठ्या रानात नोकरी, परत येऊन जमैकात कॉफीचा मळा, आणि मग न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात रेल्वेच्या कामावर. इतकी वळणं घेऊन हा माणूस बंदुकांकडे आला. रेमिंग्टन या बंदूक कंपनीचा जुना कारखाना जिथे होता ते इलियन गाव युटिकाच्या जवळच आहे, त्यामुळे त्या खोऱ्यात पोलाद घडवणारे कारागीर मुबलक होते.

१८९२ मध्ये अमेरिकी सैन्याने नव्या रायफलीसाठी चाचण्या घेतल्या. सॅव्हेजनी आपली रायफल पाठवली, पण निवड झाली नॉर्वेच्या क्राग-योर्गेनसनची. मग त्यांनी आपला मोर्चा शिकाऱ्यांकडे वळवला. १८९४ मध्ये कंपनी उभी राहिली आणि तिचं मॉडेल १८९५ आलं. चापाखालची तरफ खाली-वर करून चालणारी ही रायफल. त्या काळच्या तशा रायफलींमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकापुढे एक ठेवलेली असत. एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, जिथे ठिणगी पडते तिथे, टेकलेलं असायचं. म्हणून गोळ्या बोथट ठेवाव्या लागत. सॅव्हेजनी काडतुसं गोल फिरणाऱ्या पाळण्यात बाजूबाजूला ठेवली. त्यामुळे टोकदार गोळी निर्धास्त वापरता येऊ लागली, आणि टोकदार गोळी हवा कापत दूरपर्यंत वेग टिकवते. याच रायफलीच्या सुधारलेल्या रूपाला पुढे मॉडेल ९९ म्हणू लागले आणि ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत बनत राहिलं.

सॅव्हेज स्वतः मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कंपनीतून बाहेर पडले. कॅलिफोर्नियाला जाऊन टायरचा धंदा काढला आणि १९१५ च्या सुमारास रेडियल टायरच्या कल्पनेचं पेटंट मिळवलं. रेडियल टायर जगभर पसरायला पुढे कित्येक वर्षं गेली. हा माणूस १९३८ मध्ये वारला.

कंपनीचं चिन्ह म्हणजे पिसांचा मुकुट घातलेल्या मूळ अमेरिकी सरदाराचा चेहरा. १९१९ मध्ये लेम बेअर नावाच्या सरदाराने आपल्या लोकांसाठी स्वस्त दरात रायफली मागितल्या आणि त्या बदल्यात हे चित्र वापरायला दिलं, असं कंपनी सांगते. इंग्रजीत सॅव्हेज म्हणजे रानटी, आणि तो शब्द त्याच लोकांना हिणवायला शतकभर वापरला गेला. आडनाव योगायोगाने आलं असलं तरी ते चित्र आणि तो शब्द शेजारी शेजारी बघताना मला बरं वाटत नाही. आजोबांना मी हे बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, लहानपणापासून बघतोय, कधी असं मनात आलं नव्हतं.

१९२० मध्ये सॅव्हेजने मॅसॅच्युसेट्समधली स्टीव्हन्स ही जुनी बंदूक कंपनी विकत घेतली. जोशुआ स्टीव्हन्स यांनी ती १८६४ मध्ये काढलेली. जगभर नेमबाजीचं शिक्षण ज्या पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसावर होतं, ते याच स्टीव्हन्सच्या घरातून आलेलं. स्वस्त आणि साधी बंदूक सामान्य घरात पोहोचवायची, हा स्टीव्हन्सचा पिढीजात धंदा होता. सॅव्हेजच्या पुढच्या वाटचालीवर त्याची छाप पडली असं मला वाटतं.

त्याच वर्षी पॉइंट थ्री-हंड्रेड सॅव्हेज हे काडतूस आलं. त्याची पुंगळी आखूड होती, पण ताकद त्या काळच्या लांब लष्करी काडतुसाच्या जवळ जाणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्य आखूड काडतूस शोधू लागलं, तेव्हा सुरुवातीचे प्रयोग या पुंगळीवर झाले. त्यातून नाटोचं ७.६२ बाय ५१ मिलिमीटर काडतूस घडलं, आणि त्याचं नागरी जुळं भावंड म्हणजे आजोबांच्या रायफलीतलं थ्री-ओ-एट. आपल्या सैन्याने कित्येक दशकं खांद्यावर वागवलेली एसएलआर याच ७.६२ काडतुसावर चालायची. नाशिक-नगर-साताऱ्याकडच्या माजी सैनिकांच्या घरी एसएलआरच्या आठवणी निघतात, तेव्हा त्या काडतुसाची एक मुळी युटिकापर्यंत जाते.

युद्धांनी कंपनीला भरपूर काम दिलं. पहिल्या महायुद्धात युटिकाला लुईस मशीनगन बनत होत्या. दुसऱ्यात सॅव्हेजने थॉमसन सबमशीनगन बनवल्या, आणि स्टीव्हन्सच्या कारखान्यात ब्रिटनसाठी ली-एनफिल्ड नंबर ४ या रायफली दहा लाखांहून जास्त तयार झाल्या. पोलिसांच्या खांद्यावर आपण ज्या थ्री-नॉट-थ्री पाहत आलो, त्याच घराण्यातली ही रायफल. आपल्याकडच्या बहुतेक बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या आणि जुन्या नमुन्याच्या, पण कडी तीच आणि काडतूसही तेच. सॅव्हेजचंही थ्री-नॉट-थ्री नावाचं एक काडतूस होतं. नावावर जाऊ नका, ते पूर्ण वेगळं आहे, एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

बुडता बुडता

१९८८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाळीस तऱ्हेच्या वस्तू बनवायच्या आणि एकही धड नीट बनवायची नाही, हा आजार मी आमच्या औद्योगिक वसाहतीत अनेक कारखान्यांना लागलेला पाहिला आहे. सॅव्हेजलाही तोच लागला होता. सूत्रं हाती घेणाऱ्या रॉन कोबर्न यांनी पसारा आवरला. साधी मॉडेल ११० ठेवली आणि बाकीचं जवळजवळ सगळं बंद केलं. १९९५ मध्ये त्यांनी गुंतवणूकदारांच्या साथीने कंपनी विकतच घेतली.

त्या पडत्या काळात ११० च का टिकली? कारखान्यात जुने कारागीर उरोत वा न उरोत, यंत्रं जुनाट असोत, नट आणि सैल डोकं आपलं काम करत राहतात. मापातली थोडी घसरण ही रचना पोटात घेते. कोबर्न यांना रायफल नव्याने शोधावी लागली नाही. नळ्या नीट बनवायच्या, सरळ करायच्या आणि गेजवर जुळवायच्या, एवढं लक्ष दिल्यावर गोळ्या एका जागी पडायला लागल्या. शिकारी अचूकतेचं माप साधं ठेवतात. शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, कागदावर एकामागून एक गोळ्या मारायच्या आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. एक इंचाच्या आसपास आलं तर रायफल चांगली. कमी किमतीच्या सॅव्हेज हे करून दाखवू लागल्या आणि गावोगावच्या रेंजवर बोलबाला झाला.

एक अडचण राहिली होती, चापाची. चाप जड असेल तर बोटाच्या ओढीनेच नळी हलते आणि नेम चुकतो. पण चाप हलका केला तर रायफल पडल्यावर, आपटल्यावर आपसूक बार उडण्याची भीती. अमेरिकेत अशा अपघातांवरून कोर्टात मोठाल्या भरपाया द्याव्या लागतात. म्हणून कंपन्या चाप मुद्दाम जड ठेवत. शिकारी त्याला वकिलांचा चाप म्हणत.

२००२ च्या अखेरीस सॅव्हेजने ॲक्युट्रिगर आणला. चापाच्या मधोमध एक पातळ पातं आहे. बोट चापावर ठेवलं की आधी हे पातं दाबलं जातं. ते दाबलेलं नसताना नुसत्या आदळण्याने आतला खटका सुटला, तरी पात्याचं दुसरं टोक त्याला वाटेतच अडवतं आणि बार उडत नाही. आता चाप निर्धास्त हलका करता आला, आणि तो किती हलका हवा हे मालकाला स्वतः ठरवता येऊ लागलं. अगदी पाऊण किलोच्या ओढीपर्यंत. पुढच्या दहा वर्षांत इतर कंपन्यांच्या स्वस्त रायफलींवरही अशी पाती दिसू लागली. महाग रायफलीतही नसलेली सोय स्वस्त रायफलीत आधी आली, याचं मला फार कौतुक वाटतं.

ॲक्सिस: कुठे कापलं, कुठे नाही

२०१० च्या सुमारास सॅव्हेजने आणखी स्वस्त रायफल काढली. आधी नाव एज, मग ॲक्सिस. किंमत तेव्हा साडेतीनशे डॉलरच्या आसपास. एवढ्या किमतीत रायफल बसवायची तर कुठेतरी कात्री लावावीच लागते, आणि ती कुठे लावली हे बघण्यासारखं आहे.

रिसिव्हरची वरची बाजू जवळजवळ बंद ठेवली. पुंगळी बाहेर पडायला बाजूला एक छोटी खिडकी, बस. त्यामुळे कापणं वाचलं आणि रिसिव्हर उलट जास्त ताठ झाला. ही काटकसर मला शहाणपणाची वाटते. काडतुसं एकावर एक अशा सरळ रांगेत ठेवणारं काढता येणारं छोटं मॅगझिन दिलं. दस्ता प्लॅस्टिकचा, साच्यातून निघालेला. पहिल्या ॲक्सिसमध्ये ॲक्युट्रिगर दिलाच नाही, आणि चापाबद्दल लोकांनी भरपूर तक्रारी केल्या. तो ॲक्सिस टू मध्ये आला. पॉलिश, चकाकी, अक्रोडाचं लाकूड, यांतलं काही नाही.

दस्ता मात्र जरा जास्तच स्वस्त केला आहे, हे मी हातात घेताच बोललो. नळी दस्त्याला कुठेही न टेकता मोकळी राहिली पाहिजे, कारण गोळी सुटताना नळी कंप पावते आणि दर वेळी ती सारखीच हलावी लागते. ॲक्सिसच्या दस्त्याचा पुढचा भाग अंगठ्याने दाबला की वाकून नळीला टेकतो. कुणी पुढचा भाग दगडावर घट्ट रेटून नेम धरला तर गोळी सरकणारच. आजोबांनी नातवाला म्हणूनच सांगून ठेवलं होतं, खाली पिशवी ठेव आणि हात हलका ठेव.

नळी आणि चेकनट यांना मात्र कात्री लागलेली नाही. दांड्याचं डोकंही सैलच ठेवलं आहे. जिथे नेम ठरतो तिथे पैसा ठेवला, जिथे नुसता डोळा सुखावतो तिथून काढून घेतला.

मधल्या काळात कंपनीचे मालक पुन्हा बदलले. २०१३ मध्ये एटीके या मोठ्या समूहाने ती घेतली, दोन वर्षांनी ती व्हिस्टा आउटडोअरकडे गेली, २०१९ मध्ये व्यवस्थापनातल्याच मंडळींनी गुंतवणूकदारांसोबत परत घेतली. कारखाना मॅसॅच्युसेट्सच्या वेस्टफील्डला, १९६० च्या आगेमागे हलवलेला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. ते योग्यच झालं. सह्याद्रीत सांबर आणि गवे उरले आहेत ते त्यामुळे. परवानाधारकांसाठी आपल्या सरकारी कारखान्याची ली-एनफिल्डच्या कडीची थ्री-फिफ्टीन रायफल आहे. पेनसिल्व्हेनियात चित्र वेगळं आहे. तिथे हरणं इतकी वाढतात की शेतं आणि जंगलाची नवी रोपं खाऊन टाकतात, आणि लांडगे व प्यूमा तिथून कधीच संपवले गेले. म्हणून राज्य दर वर्षी परवाने वाटून शिकारीची मुदत ठरवतं. पूर्वी ही मुदत थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू व्हायची आणि ग्रामीण भागातल्या बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९ पासून ती शनिवारी सुरू होते. रायफल आणि काडतुसं बनवणाऱ्यांवर ११ टक्के कर लागतो आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीव रक्षणाला जातो, म्हणजे ॲक्सिस विकत घेणारा प्रत्येक माणूस किमतीतून त्याला हातभार लावतो. मारलेलं हरीण घरात वर्षभर खाल्लं जातं. कारखान्यात किंवा दुकानात राबणाऱ्या कुटुंबाला हजार डॉलरची रायफल परवडत नाही, तिथे ॲक्सिससारखी स्वस्त लागते.

नातू आला तेव्हा अंधार पडत आला होता. नारिंगी जाकीट अंगावर, पुढच्या आठवड्याची तयारी. आजोबांनी दोन्ही रायफली बाकावर शेजारी ठेवल्या, दोन्हींचे दांडे काढलेले, चेंबर रिकामे, आणि त्याचं बोट धरून आधी जुन्या ११० च्या नटावर फिरवलं, मग ॲक्सिसच्या नटावर. दोघांमध्ये अर्ध्या शतकाहून जास्त अंतर. तो म्हणाला, सेम आहे. आजोबांनी मान डोलावली. मग दोन्ही गेजेस तेलाच्या फडक्यात गुंडाळून एका पत्र्याच्या डबीत ठेवली आणि झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने काडतुसाचं नाव लिहिलं.